एका पोळीचा पन्नासावा भाग

गव्हाची पोळी लाटता येते, बाजरीची भाकरी मात्र थापावी लागते. कणिक ताणली तरी ताणत जाते. बाजरीचे पीठ गरम पाण्यात कितीही मळले तरी लाटण्याखाली ते फाटते. हा फरक ज्या प्रथिनांमुळे पडतो त्यांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहिले, तर पांढरे पिठूळ पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो लगदा म्हणजे बहुतांशी ग्लुटेन. पोळीचा मऊपणा आणि पावाची जाळी ही त्याचीच किमया. सिलिॲक आजार असलेल्या माणसासाठी मात्र हाच लगदा लहान आतड्याचे अस्तर झिजवणारा असतो.

पिंपळगाव बसवंत ज्या निफाड तालुक्यात आहे, तो कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांसाठी ओळखला जातो. गव्हाशीही त्याचे नाते जवळचे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र निफाडलाच आहे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘फुले समाधान’ हे गव्हाचे वाण तिथूनच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. अशा मुलखात घरातल्या एखाद्याला ‘गहू आयुष्यभर बंद’ असे डॉक्टरांनी सांगितले, की पहिल्यांदा सगळेच गांगरतात. काही महिन्यांत घराची घडी बसते. बाजरी, ज्वारी, नागली आणि तांदूळ आपल्याकडे आहेतच. खरी परीक्षा सुरू होते ती उंबरठा ओलांडल्यावर. लग्नाची पंगत, महामार्गावरचे हॉटेल, देवस्थानाचा प्रसाद, विमान आणि अलीकडे हौसेने केली जाणारी जहाजाची सहल, अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहतो: हे मी खाऊ शकतो का?

ॲलर्जी नव्हे, पथ्याचे फॅडही नव्हे

सिलिॲक हा स्वप्रतिकारशक्तीचा आजार आहे. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले, की शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट झाले, की माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो.

म्हणूनच या आजाराची लक्षणे केवळ पोटाची नसतात. लहान मुलांत जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारे वजन आणि खुंटलेली उंची दिसते. मोठ्यांत गोळ्या घेऊनही न भरून येणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, वारंवार येणारी तोंडे, सततचा थकवा, कधी वंध्यत्व, तर कधी कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड दिसतात. काहींना काहीच जाणवत नाही आणि आतडे मात्र झिजत राहते. टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉईडचा स्वप्रतिकारशक्तीचा विकार असलेल्यांत हा आजार अधिक आढळतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत, आईवडिलांत आणि मुलांत तो असण्याची शक्यता साधारण दहात एकाच्या आसपास असते.

या आजाराचे आधुनिक वर्णन १८८८ मध्ये सॅम्युअल गी या ब्रिटिश डॉक्टरने केले. उपचार आहारातच आहे हे त्यांनी ओळखले होते. पण दोषी कोण, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. विलेम डिके हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ. गव्हामुळे ही मुले आजारी पडतात, असा त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. त्यानंतर विमानातून टाकलेला पाव पुन्हा मुलांच्या ताटात आला, तेव्हा त्यांची प्रकृती पुन्हा बिघडली. या निरीक्षणाने डिके यांचा संशय पक्का झाला आणि १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधातून मांडला.

भारतात हा उत्तरेचा आजार मानला जातो आणि त्याला आधार आहे. दिल्ली परिसरातील २०११ च्या पाहणीत साधारण ९६ माणसांमागे एकाला तो आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशाच्या तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक लोक होते. त्यात उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांना सिलिॲक असल्याचे दिसले. या आजाराला लागणारी जनुकीय ठेवण तिन्ही विभागांत जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश लोकांत होती. गव्हाचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. उत्तरेत ते दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम होते, तर दक्षिणेत २५ ग्रॅम. महाराष्ट्राच्या ताटात भाकरी आणि भाताबरोबर आता रोजची पोळी आहे, सकाळी पाव आणि बिस्किटेही आहेत. त्यामुळे ‘आपल्याकडे हा आजार नसतो’ असे गृहीत धरणे परवडणारे नाही.

निदानासाठी रक्तातील ‘टीटीजी-आयजीए’ ही प्रतिपिंडांची चाचणी करतात आणि बहुतेक मोठ्या रुग्णांत दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. या चाचण्या होईपर्यंत गहू बंद करू नये. आधीच बंद केला तर चाचणी खोटी ‘निर्दोष’ येऊ शकते आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

किती म्हणजे जास्त?

‘एवढ्याशाने काय होते?’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. त्याचे उत्तर इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये मोजून दिले. पथ्य नीट पाळणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या एका गटाला त्यांनी तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनची कॅप्सूल दिली, दुसऱ्याला १० मिलिग्रॅमची, तर तिसऱ्याला ग्लुटेन नसलेली. ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर बिघडले.

तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा एका पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग झाला. पोळीचा एक लहानसा तुकडा, परातीत उरलेले पीठ किंवा आमटीत पडलेले पावाचे चार कण रोज पोटात गेले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेक रुग्णांना निर्धोक मानले जाते.

‘ग्लुटेन-फ्री’ या शिक्क्याचा अर्थही याच हिशेबातून येतो. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थालाच ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणता येते. अमेरिका आणि युरोपातही हीच मर्यादा आहे. असा पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्ला तरी पोटात जाणारे ग्लुटेन १० मिलिग्रॅमच्या वर जात नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. कण-कण मोजावा लागतो, हे खरे. पण भीतीलाही मर्यादा हवी. ग्लुटेन त्वचेतून आतड्यात जात नाही. साबणाने आणि पाण्याने नीट घासलेल्या भांड्यावर ते चिकटून राहत नाही. शेजारच्या ताटात पोळी आहे म्हणून रुग्णाने पंगतीतून उठायची गरज नसते. त्याच्या ताटात काय आणि कोणत्या हाताने वाढले जाते, एवढे पाहावे लागते.

घरच्या डब्यात लपलेला गहू

प्रवासाची तयारी घरातून सुरू होते आणि सर्वांत मोठा दगाफटका तिथेच होतो. कारण गहू आपल्याकडे अनेक नावांनी वावरतो. कणिक, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडई हा सगळा गहूच. खपली गहू पचायला हलका म्हणून विकला जातो. पण त्यातही ग्लुटेन असते आणि सिलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही. बन्सी गव्हाचेही तेच.

काही नावे तर संशयही येऊ देत नाहीत. मेतकुटात हरभरा आणि उडदाच्या डाळीबरोबर थोडा गहू भाजून घालण्याची पद्धत आहे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. ताकद वाढवणाऱ्या म्हणून मुलांना दिल्या जाणाऱ्या पेयांच्या भुकटीत माल्ट असते, ते बहुधा जवाचे. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस बहुतेक वेळा गहू घालून आंबवलेला असतो.

सगळ्यांत फसवा पदार्थ म्हणजे हिंग. शुद्ध हिंग हा झाडाचा उग्र डिंक आहे. बाजारात मिळणारे बांधणीचे हिंग मात्र पिठात आणि डिंकात मिसळून तयार करतात आणि हे पीठ अनेकदा मैद्याचे असते. वरण, आमटी, सांबार, मसाला ताक, उडदाचा पापड, लोणचे अशा सगळ्यांत हिंग पडते. तांदळाच्या पिठात बांधलेले हिंगही मिळते. डबीवरचे घटक वाचून तेच घ्यावे, नाही तर हिंगाशिवाय फोडणी द्यावी.

पुढचा मुद्दा गिरणीचा. गव्हावर गहू दळून झाला, की त्याच जात्यावर बाजरी टाकली जाते. जात्यात, पट्ट्यात आणि सुपड्यात उरलेला गहू बाजरीच्या पिठात उतरतो. अमेरिकेत २०१० मध्ये एका लहान अभ्यासात मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले, तेव्हा त्यातील ७ नमुन्यांत २० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त ग्लुटेन सापडले. आपल्याकडची गल्लीतली गिरणी तर सगळ्यांसाठी सगळेच दळते. त्यामुळे रुग्णासाठी घरगुती चक्की घेऊन ती फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी राखून ठेवणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. धान्य निवडून आणि धुऊन वाळवले, तर त्यात मिसळलेले गव्हाचे दाणे आणि धूळही जाते.

महामार्गावरचे ताट

पिंपळगाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात आणि रस्त्याकडेची हॉटेले रात्रंदिवस चालू असतात. अशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात सिलिॲकच्या रुग्णाला धोका कुठे असतो, हे क्रमाने पाहिले तर निवड सोपी होते.

आधी भाकरी. ‘बाजरीची भाकरी मिळेल’ ही पाटी दिलासा देते. पण ती मोडू नये म्हणून काही ठिकाणी त्या पिठात कणिक मिसळतात. पोळीच्या तव्यावरच ती भाजली जाते आणि आचाऱ्याचे हात कणकेचे असतात. त्यामुळे भाकरी मागण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: पिठात काही मिसळता का? तवा वेगळा आहे का? परात कोणती? उत्तर ठाम नसेल तर साधा भात बरा.

मग तळण. समोसा, ब्रेडपकोडा आणि बटाटेवड्याबरोबरचा पाव ज्या ठिकाणी असतो, तिथल्या कढईत मैद्याचे कण तरंगत असतात. त्याच तेलात तळलेला साबुदाणावडा किंवा बटाट्याच्या फोडी मग निर्धोक राहत नाहीत. तळणाच्या उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही. अमेरिकेतील एका पाहणीत गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलातील बटाट्याच्या २० नमुन्यांपैकी ५ नमुने ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणण्याजोगे नव्हते.

नाशिकची मिसळ हा तर जिव्हाळ्याचा विषय. मटकी गव्हाची नसते. पाव बाजूला ठेवता येतो. पण फरसाणात मैद्याची पापडी असू शकते आणि रश्शाच्या मसाल्यात हिंग. मिसळ खायचीच असेल, तर ती घरी, ओळखीच्या मसाल्यात करावी. हॉटेलातल्या दाट रस्सेदार भाज्यांना कधीकधी मैद्याने दाटपणा आणतात. मंच्युरियनला मैदा आणि सोया सॉस दोन्ही लागतात.

मग खायचे काय? साधा भात, साधे दही, उकडलेली अंडी, सालासकट फळे, भाजलेले कणीस, पाकीटबंद दूध आणि घटक वाचून घेतलेली शेंगदाण्याची चिक्की. तांदूळ-उडदाची इडली मुळात बिनगव्हाची असते. रवा इडली आणि रवा डोसा मात्र वर्ज्य. सांबार हिंगामुळे टाळावे आणि नारळाची चटणी फोडणीविना मागावी.

अन्न पदार्थांच्या वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक छापणे भारतात बंधनकारक आहे आणि त्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्ये येतात. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनाही ही माहिती द्यावी लागते. रस्त्याकडेच्या एकट्या हॉटेलला हा नियम लागू नाही. तिथे कागदावरची माहिती नसते आणि आचाऱ्याशी बोलणे हाच उपाय उरतो.

प्रवासाचा सर्वांत जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे. दुधात पीठ भिजवून केलेल्या ज्वारीच्या किंवा बाजरीच्या दशम्या दोन दिवस टिकतात. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, ठेचा, राजगिऱ्याचे लाडू, द्राक्षे नाही तर बेदाणे घेतले, की निम्मा प्रवास निभावतो.

उपवासाची भाषा

‘ग्लुटेन’ हा शब्द बहुतेक आचाऱ्यांना कळत नाही. त्यांना तो कळला नाही म्हणून ते बेफिकीर ठरत नाहीत. मराठी स्वयंपाकघराला ‘हे त्याला लागता कामा नये’ ही शिस्त जुनीच ठाऊक आहे. उपवासाच्या खिचडीला वेगळी कढई लागते, तिच्यात हळदीचा चमचा बुडवत नाहीत, शेंगदाण्याचा कूट वेगळ्या डब्यात असतो. जैन ताटात कांदा-लसणाचा झारा जात नाही. श्रद्धेसाठी जी काळजी घेतली जाते, तीच इथे आजारासाठी मागायची आहे. ‘उपवासाला जसे वेगळे करता, तसे गव्हापासून वेगळे करा’ हे वाक्य आचाऱ्याला एका क्षणात समजते.

उपवासाचे बरेच पदार्थ मुळातच बिनगव्हाचे असतात: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळे, शेंगदाणे. आषाढीला किंवा नवरात्रात, वणीच्या सप्तशृंगी गडावर जाताना, रुग्णाला रस्त्यावर इतर दिवसांपेक्षा जास्त पर्याय मिळतात ते यामुळेच. मात्र इथेही डोळे उघडे हवेत. राजगिऱ्याचे किंवा भगरीचे सुटे पीठ कुठल्या गिरणीतून आले आणि वडे कुठल्या तेलात तळले, हे विचारावेच लागते. तसेच ‘जैन’ म्हणजे ‘बिनगव्हाचे’ नव्हे. जैन ताटात पोळी असतेच.

अवघड जागा प्रसादाची. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि ‘एवढासा घ्या, देवाचे आहे’ या आग्रहापुढे माणूस हरतो. एका चमच्यात पन्नासाव्या भागापेक्षा कितीतरी जास्त ग्लुटेन असते. यजमानांना आधी सांगितले, तर ते पूजेतले केळे, खोबरे किंवा खडीसाखर हातावर ठेवतात. त्यात देवाचा अपमान नाही आणि माणसाचाही नाही.

जहाजावर चार दिवस

पिंपळगावहून मुंबई सुमारे २०० किलोमीटर. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी करू लागले. सिंगापूरच्या सहलीला जोडून क्रूझ करणारी कुटुंबेही आता कमी नाहीत. सिलिॲकच्या रुग्णाला जहाज एका अर्थी रस्त्यापेक्षा सोपे आणि दुसऱ्या अर्थी अवघड. सोपे यासाठी, की तेच स्वयंपाकघर आणि तेच वाढपी चार दिवस असतात. एकदा सांगितले की पुन्हा नव्याने सांगावे लागत नाही. अवघड यासाठी, की समुद्रात दुसरे हॉटेल नसते. तिथे जे मिळेल त्यावरच राहावे लागते.

त्यामुळे जहाजाचे जेवण बंदरावर पोहोचण्याच्या कित्येक आठवडे आधी ठरते. तिकीट काढतानाच ‘सिलिॲक आजार, ग्लुटेन पूर्ण वर्ज्य’ अशी लेखी नोंद करावी आणि कंपनीचे लेखी उत्तर जपून ठेवावे. सहल एजंटामार्फत असेल, तर निरोप खरोखर जहाजापर्यंत गेला की नाही, याची खात्री प्रवाशाने स्वतः करावी. जहाजापर्यंत विमानाने जायचे असेल, तर अनेक विमान कंपन्यांत ‘जीएफएमएल’ या संकेताने ग्लुटेनमुक्त जेवण आगाऊ नोंदवता येते. तरीही जवळ स्वतःचा सुका खाऊ हवा.

जहाजावर पाय ठेवल्यावर पहिले काम म्हणजे मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटणे. बहुतेक मोठ्या जहाजांवर पथ्याच्या प्रवाशाला दुसऱ्या दिवसाची पदार्थसूची आदल्या रात्री दाखवतात आणि त्यातून निवडलेले पदार्थ वेगळे शिजवून देतात. हीच सर्वांत सुरक्षित सोय. प्रत्येक जेवण याच भोजनगृहात, ताटात वाढून घ्यावे.

बुफे दिसायला छान. पण धोका तिथेच जास्त. पावाच्या चिमट्याने कोणीतरी फळ उचलते, शेवयांच्या खिरीचा डाव भातात जातो, पोळीचे तुकडे कोशिंबिरीत पडतात. ‘ग्लुटेन-फ्री’ पाटी लावलेला पदार्थही चमच्यांच्या अदलाबदलीने बिघडतो. बुफेवर जायचेच असेल, तर दार उघडताच पहिल्यांदा जावे किंवा आतून वेगळी वाटी मागावी.

भारतीय प्रवाशाची एक चूक जहाजावर नेहमी होते. घरची चव म्हणून तो भारतीय काउंटरकडे वळतो. पण भाज्यांचे रस्से मोठ्या पातेल्यात आधीच तयार झालेले असतात, त्यात हिंग असते आणि आचाऱ्याला ते नंतर वगळता येत नाही. याउलट भाजलेला मासा किंवा कोंबडी, वाफवलेल्या भाज्या, उकडलेला बटाटा, साधा भात हे पदार्थ त्या प्रवाशापुरते वेगळ्या भांड्यात करणे सोपे असते. शाकाहारी माणसाने भात, वाफवलेल्या भाज्या, पनीर, दही आणि हिंग-मोहरीशिवाय केलेली डाळ मागावी. तळणाला वेगळी कढई आहे का, हे इथेही विचारायचेच. ग्लुटेनमुक्त पास्ता मागवताना तो ताज्या पाण्यात उकळला आहे का, हे विचारावे. साध्या पास्त्याच्या पाण्यात उकळलेल्या ग्लुटेनमुक्त पास्त्यात ग्लुटेनचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते, हे प्रयोगात दिसले आहे.

सामानाबाबतही आधी चौकशी हवी. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर छोटा कुकर किंवा विजेची शेगडी नेऊ देत नाहीत. घरी शिजवलेले अन्नही बहुधा चालत नाही. कारखान्यात सीलबंद केलेली ग्लुटेनमुक्त बिस्किटे, राजगिरा लाडू, चिक्की, सुकामेवा मात्र सहसा नेता येतो. तेव्हा दशम्यांचा डबा बंदरापर्यंत संपवावा आणि पुढची सोय सीलबंद पाकिटांत ठेवावी. परदेशी बंदरावर उतरताना फळे आणि अन्न बाहेर नेण्यावर निर्बंध असतात, तेही लक्षात ठेवावे.

चुकून खाल्ले तर

इतके करूनही कधीतरी चूक होते. काही तासांतच मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब किंवा कमालीचा थकवा येऊ शकतो. ग्लुटेनचा परिणाम उलटवणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्या पथ्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस घ्यावे, विश्रांती घ्यावी आणि पुढच्या जेवणापासून पथ्य पुन्हा काटेकोर करावे. एका चुकीने वर्षाची मेहनत वाया जात नाही. रोजच्या लहान चुका मात्र आतडे भरून येऊ देत नाहीत. पथ्य नीट पाळले तर ते अस्तर हळूहळू सावरते, मोठ्यांत त्याला काही वर्षेही लागू शकतात. लहान मुलांत ते सहसा आणखी लवकर भरून येते.

प्रत्येक जुलाब ग्लुटेनचाच असतो, असेही समजू नये. जहाजांवर नोरोव्हायरससारख्या संसर्गाची साथ पसरते. ताप, रक्त पडणे किंवा दोन दिवसांहून जास्त चाललेले जुलाब असतील, तर जहाजावरच्या डॉक्टरला भेटावे आणि सिलिॲक असल्याचे सांगावे. डॉक्टरांचे निदानाचे पत्र इंग्रजीत, सोबत ठेवावे. औषधे बरोबर असतील तर त्यांचा उल्लेखही त्या पत्रात असावा.

खिशातली चिठ्ठी

परदेशांत सिलिॲकचे रुग्ण स्थानिक भाषेतील छापील चिठ्ठी जवळ ठेवतात. महामार्गावरच्या हॉटेलसाठी, लग्नाच्या आचाऱ्यासाठी आणि नातेवाइकांसाठी मराठीतली चिठ्ठी अशी असू शकते:

‘मला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू, मैदा, रवा, शेवया, जव आणि बांधणीचे हिंग यांचा कणही मला चालत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली, डाळी, भाज्या, फळे, दूध, दही, अंडी चालतात. कृपया माझा पदार्थ स्वच्छ धुतलेल्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने आणि न वापरलेल्या तेलात करा. उपवासाचे जसे वेगळे करता, तसेच. खात्री नसेल तर तसे सांगा. मी फळ खाईन.’

या चिठ्ठीतले शेवटचे वाक्य फार उपयोगाचे आहे. आचाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक मिळाली, की तो खरे सांगतो. चुकीच्या ‘हो’पेक्षा प्रामाणिक ‘नाही’ रुग्णाच्या आतड्याला केव्हाही परवडते.

पथ्य आयुष्यभराचे आहे, म्हणून त्यात लग्ने, यात्रा आणि सहली बसवाव्याच लागतात. मुलाच्या शाळेची सहल चुकवत राहिले, की मूल एकटे पडते आणि मोठे झाल्यावर पथ्यच झुगारून देते. त्यापेक्षा शिक्षकांना ही चिठ्ठी द्यावी, डबा भरून द्यावा आणि मुलाला स्वतः विचारायला शिकवावे: यात गहू आहे का, आणि चमचा वेगळा आहे का?